उद सलीबच्या बिया

माझ्या धाकट्या भावाच्या गळ्यात लहानपणी काळ्या दोऱ्यात ओवलेली एक मुळी असायची. बोटाच्या पेराएवढी, तपकिरी, सुरकुतलेली. त्याला मिरगी होती. पहिली फिट आली तेव्हा तो बालवाडीत जायचा, आणि तिथून पुढे ज्याने जे सांगितलं ते आईने केलं. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्याच. पण कोणीतरी म्हणालं म्हणून ती नागपूरच्या इतवारीतल्या एका जडीबुटीच्या दुकानातून ही मुळी घेऊन आली. दुकानदाराने नाव सांगितलं उद सलीब. आईला ते नीट म्हणता यायचं नाही, ती ‘उसलीप’ म्हणायची. भाऊ अभ्यास करताना ती मुळी चावत बसायचा. कडू लागते म्हणून तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा चावायचा. ती कुठल्या झाडाची, कुठून येते, हे आम्ही कधी कोणाला विचारलं नाही. पुढे शाळेतली पोरं चिडवतात म्हणून त्याने ती काढून टाकली. मुळी होती तेव्हा फिट थांबल्या नव्हत्या, काढल्यावर वाढल्याही नाहीत.

आईवडील गेल्यावर हुडकेश्वरच्या घरात आम्ही दोघंच राहिलो. मी लग्न केलं नाही. त्याच्यामुळे केलं नाही असं नातेवाईक म्हणायचे. तसं नव्हतं, पण मी कधी खोडून काढलं नाही. मी बुटीबोरीला एका सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत सुताची ताकद तपासायचं काम करते. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस. तो घरी असायचा. शिकवण्या घ्यायचा, गणित आणि विज्ञानाच्या, समोरच्या खोलीत सतरंजी टाकून. पोरांना त्याच्या आजाराचं ठाऊक होतं. फिट आली की कोणी काय करायचं हे त्यानेच त्यांना शिकवून ठेवलं होतं, आणि तेही गणितासारखंच, पायरी पायरीने.

आमचं घर त्याच्या बेताने झालेलं होतं. टेबलाच्या, ओट्याच्या, कपाटाच्या कोपऱ्यांना फोम चिकटवलेला. पलंग नाही, जमिनीवर गाद्या. न्हाणीघराला आतून कडी नाही. काचेचं भांडं नाही. आणि माझी झोप अशी की शेजारच्या खोलीत त्याने कूस बदलली तरी मला कळायचं.

तो गेला त्या रात्री मात्र मला काही कळलं नाही. सकाळी चहा झाला तरी उठेना म्हणून हाक मारायला गेले, तर तो पालथा होता. झोपेत फिट आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. कधी कधी असं होतं म्हणाले. मी विचारलं, आवाज आला असेल का. ते म्हणाले, बहुतेक नसेल. त्यांनी खरं सांगितलं की मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. शेजारच्या वहिनी काही दिवस डबा देत राहिल्या. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, आणि मी बुटीबोरीला असताना भावाकडे त्यांचंच लक्ष असायचं. एकदा त्या म्हणाल्या, “आता तरी न्हाणीले कडी लावून घे वं.” मी हो म्हटलं. लावली नाही. घरात मी एकटी, कडी कोणासाठी लावायची.

संध्याकाळी बसमधून उतरले की पाय आपोआप भरभर चालायचे. वर्षानुवर्षांची सवय. कुलूप उघडून आत आल्यावर लक्षात यायचं की घाई कशाचीच नव्हती. मग मी पर्स हातात धरून तशीच समोरच्या खोलीत उभी राहायचे. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली असायची.

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी ऑफिसातल्या बायकांची उत्तराखंडची सहल निघाली. त्यांनी माझं नाव मला न विचारताच घातलं. मी गेले. एका डोंगरावरच्या गावात आम्ही एका घरी उतरलो होतो, घरमालकीण पाहुण्यांना खोल्या द्यायची. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी वरच्या देवळाला चढून गेल्या. माझा गुडघा सुजला होता, मी मागे राहिले.

घरमालकीण माझ्याच वयाची होती. अंगणात राजमा निवडत बसली होती, मीही तिच्याजवळ बसून निवडू लागले. अंगणाच्या कडेला दगडांची उतरंड होती आणि तिथे गुडघ्याएवढी काही झाडं पिवळी पडून वाळत चालली होती. त्यांना शेंगा आल्या होत्या, जाड, लवदार, बोटांसारख्या वाकलेल्या, आणि त्या उलून आत लालभडक आणि काळे कुळकुळीत दाणे दिसत होते. इतके चकचकीत की मला आधी ते खोटे वाटले. मी विचारलं, हे काय आहे.

“चंद्रा है,” ती म्हणाली. “बसंत में इसकी कोंपल की सब्जी बनाते हैं.” मग म्हणाली, “जड़ दवाई में जाती है. मिरगी वालों को देते हैं. शहर में उद सलीब बोलते हैं.”

माझ्या हातातला राजमा हातातच राहिला. तिने पुढे काही सांगितलं असेल तर ते मी ऐकलं नाही. मी उठून त्या झाडांपाशी गेले आणि दगडावर बसले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरात आलेली ती मुळी अशा जागेवरची होती तर. समोर दरी, खाली नदीचा आवाज, वारा थंड. ती मागून आली, म्हणाली, क्या हुआ. मी तिला भावाचं सांगितलं. गेल्यानंतर त्याच्याबद्दल मी पहिल्यांदाच कोणाजवळ इतकं बोलत होते, तेही मोडक्यातोडक्या नागपुरी हिंदीत. तिने समजूत घातली नाही. तिचा नवरा फौजेत होता आणि त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती, एवढंच तिने सांगितलं.

मी फुलाचं विचारलं. तिने मोबाईलमध्ये शोधून एक फोटो दाखवला. पांढरं, मोठं, पातळ पाकळ्यांचं फूल, मध्ये पिवळा पुंजका. मग मी विचारलं की याच्या बिया मी नेऊ का. ती हसली. “ले जाओ. पर लगता कैसे है, मुझे नहीं पता. यहाँ तो अपने आप आता है.” तिने शेंगा झटकून माझ्या रुमालात दाणे दिले, लाल आणि काळे सगळे.

नागपूरला परतले तेव्हा ऑक्टोबरची काहिली सुरू होती. मी इंटरनेटवर वाचायला लागले. थंड देशांत पिओनी नावाची रानटी फुलझाडं बियांपासून वाढवणारी माणसं आहेत. चंद्रा त्याच कुळातली, हिमालयातली. त्यांनी लिहिलेलं मी भाषांतराच्या सोयीने हळूहळू वाचलं. पहिल्याच दिवशी कळलं की लाल दाणे पोकळ असतात, त्यांतून काही उगवत नाही. खरं बी तेवढं काळं. आणि या बीला दोनदा जागं करावं लागतं. आधी ओल आणि ऊब, काही महिने. तेव्हा खाली फक्त मूळ फुटतं, वर काही दिसत नाही. मग तितकीच थंडी. थंडी मिळाल्याशिवाय अंकुर वर येत नाही. फूल यायला पाच-सहा वर्षं, कधी जास्त. त्यांतल्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी माझं गाव आणि इथलं उन्हाळ्यातलं तापमान लिहून विचारलं. त्यांचं उत्तर आलं की तुमच्याकडे हे झाड जगणार नाही, पण बी उगवेल, आणि उगवलं तर कळवा.

एवढं मला पुरेसं होतं. हे मी का करत होते ते तेव्हा स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. आता वाटतं, मला संध्याकाळी घरी येऊन कशाकडे तरी बघायची सवय होती आणि बघायला काही उरलं नव्हतं.

काळे दाणे मी पाण्यात भिजत घातले. तरंगले ते टाकले. उरलेले नारळाच्या ओलसर भुशात मिसळून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले आणि ती पिशवी भावाच्या कपाटात, त्याच्या गोळ्यांच्या खणात ठेवली. खण रिकामाच होता. दिवाळी आली. त्या वर्षी आम्हाला दिवाळी नव्हती. आम्हाला म्हणजे मला. गल्लीत फटाके वाजत होते तेव्हा मी दार लावून पिशवी दिव्यापुढे धरून बघत बसले होते. काहीच नव्हतं. एक दाणा बुरशीने गेला होता, तो चिमट्याने काढून टाकला.

डिसेंबर सरत आला तेव्हा एका संध्याकाळी पिशवीच्या आतल्या बाजूला काहीतरी पांढरं दिसलं. मला वाटलं बुरशीच. पिशवी उघडली तर एका बीच्या टोकाला चोचीसारखं मूळ आलं होतं. पुढच्या दिवसांत आणखी काही बियांना आलं. मी बसमध्ये बसल्या बसल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांना कळवलं. त्यांनी दोन शब्दांचं अभिनंदन पाठवलं आणि लिहिलं, आता थंडी.

थंडी म्हणजे फ्रीज. मुळं फुटलेल्या बिया मी एका डब्यात ओल्या भुशात ठेवल्या आणि डबा भाजीच्या कप्प्यात, मेथीच्या जुडीखाली सरकवला. जानेवारीत वहिनींचा फ्रीज बिघडला. त्या दुधाचं पातेलं ठेवायला आल्या आणि जागा करताना तो डबा त्यांच्या हाती लागला. झाकण उघडून त्यांनी वास घेतला.

“हे काय ठेवून राहिली वं तू फ्रीजमंदी? माती?”

“बिया आहेत, वहिनी. फुलाच्या.”

“मंग कुंडीत लाव ना. फ्रीजमंदी काहून?”

मी सगळं सांगितलं. इतवारीच्या मुळीपासून सांगितलं. वहिनींना ती मुळी आठवत नव्हती, त्या नंतर आमच्या शेजारी राहायला आलेल्या. पण त्या ओट्याला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

“मंग फूल कधी येईन?”

“पाच-सहा वर्षांनी. आलं तर.”

“आन् तवरिक?”

“पानं.”

त्यांनी झाकण लावलं, डबा होता तिथेच ठेवला आणि दूध वरच्या कप्प्यात ठेवलं. जाताना म्हणाल्या, “मले काई समजलं नाही. पण ठेव बापा.”

मार्चच्या सुरुवातीला अंकुर आले. जांभळट लाल, मान खाली घातलेले. चारच. मी ते खोलगट कुंड्यांत लावले आणि भावाच्या खोलीच्या उत्तरेकडच्या खिडकीत ठेवले. अंकुर सरळ झाले आणि प्रत्येकाला एकेक पान उलगडलं, तीन भागांचं, हिरवं, कडा तांबूस. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर माझे पाय भरभर चालत, आणि आता त्या घाईला जागा होती. कुलूप उघडून मी थेट त्या खोलीत जायचे.

पण नागपूरचा मार्च तो. होळीनंतर ऊन चढायला लागलं. मी कूलर त्या खोलीच्या खिडकीत बसवून घेतला, नवीन वाळा भरला आणि कामावर जाताना चालू ठेवून जाऊ लागले. एके दिवशी वहिनींनी फोन केला, मी गिरणीत होते.

“अवं, तुह्या घरचा कूलर चालू राहिला. घरात कोणी हाय का?”

“नाही, वहिनी. झाडांसाठी ठेवलाय.”

 मग त्या म्हणाल्या, “पाणी संपलं असंन त्यातलं. चावी देऊन जात जा मले.”

तेव्हापासून दुपारी त्या येऊन पाइप लावून कूलर भरायच्या. एकदा म्हणाल्या, त्याच्या खोलीत जायले आधी बरं नाही वाटलं, आता वाटते. 

कूलरनेच पहिलं रोप नेलं. इतकी दमट हवा त्यांना सोसत नव्हती. देठ मातीजवळ काळं पडून ते आडवं झालं. मी कुंड्या कूलरच्या झोतापासून लांब सरकवल्या, तोवर दुसरंही गेलं. उरलेल्या दोघांची पानं एप्रिलमध्ये पिवळी पडली, मग तपकिरी झाली, आणि एका रविवारी सकाळी नुसत्या काड्या उरल्या. त्या रविवारी मी स्वयंपाक केला नाही. भावाच्या खोलीत जमिनीवर बसले आणि खूप रडले. तो गेला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा असं रडता आलं नव्हतं. कूलर चालू होता, आवाज बाहेर गेला नसेल.

दुपारी मी कुंडी रिकामी करायला घेतली. माती उकरली तर खाली एक मूळ निघालं. लहान गाजरासारखं, गुटगुटीत, आणि त्याच्या डोक्यावर गहू असावा एवढा गुलाबी कोंब. दाबून पाहिलं तर घट्ट होतं. मी परत वाचायला बसले. ही झाडं उन्हाळ्यात वरून सुकतात आणि खाली झोपतात, असं तिथे लिहिलेलंच होतं. मी ते आधीही वाचलं होतं आणि त्या सकाळी मला आठवलं नव्हतं.

मेअखेरचे आगीसारखे नऊ दिवस, नवतपा, आला तेव्हा दोन्ही कुंड्या मी स्वयंपाकघरात माठाच्या तिवईखाली ठेवल्या. घरातली तीच सगळ्यात गार जागा. बाहेर रस्त्यावर दुपारी चिटपाखरू नसायचं. पाऊस सुरू झाल्यावर मी एक मूळ पुन्हा पाहिलं, ते मऊ पडून कुजलं होतं. दुसरं शाबूत होतं.

त्या एका मुळासाठी मी डोंगरातल्या घरमालकिणीला फोन केला. माझं नाव तिला आठवत नव्हतं, पण मिरगीवाल्याची बहीण म्हटल्यावर आठवलं. इथे हे जगणार नाही, मी ते तुमच्याकडे आणून लावू का, असं मी विचारलं.

“यहाँ तो चारों तरफ यही है, दीदी. वहाँ से लाकर यहाँ लगाओगी?” ती हसली. मग म्हणाली, “आ जाओ. सितंबर में आओ, बारिश के बाद.”

मी तोवर एकटीने कधी लांबच्या प्रवासाला गेले नव्हते. भावाला सोडून जाता येत नसे, आणि तो गेल्यावर गेले ती सहलीच्या बायकांबरोबर. स्टेशनवर वहिनी आल्या होत्या, त्यांनी ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. मूळ मी ओल्या भुशात गुंडाळून जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं होतं आणि डबा मांडीवर. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, जेवत का नाही. मी त्यांना डब्यात काय आहे ते सांगितलं नाही. ठेचा-भाकरी दुसऱ्या पिशवीतून काढून खाल्ली, त्यांनाही दिली. दिल्लीनंतर बस, मग जीप. वळणांवर मला उलट्या झाल्या. डबा मात्र मी सोडला नाही.

आम्ही दोघींनी ते मूळ दगडांच्या उतरंडीजवळ लावलं. तिने कुदळीने खड्डा केला, मी मूळ ठेवलं, कोंब वरच्या बाजूला. तिने खुणेला एक काटकी रोवली. मी दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी करायला काही उरलं नव्हतं. मी तिच्याबरोबर लाकडं आणायला गेले, रोट्या भाजल्या, आणि निघताना तिने राजमा बांधून दिला.

नागपूरला परत आले त्या संध्याकाळी बसस्टॉपवरून घरापर्यंत सावकाश चालत गेले. खिडकीत कुंड्या नव्हत्या. तो हिवाळा मला पहिल्यापेक्षा जड गेला. पहिल्या वर्षी लोकांना आठवण होती, विचारत तरी होते. दुसऱ्या वर्षी सगळे आपापल्या कामाला लागले होते आणि मीही लागले असेन असं त्यांनी धरून चाललं होतं. न्हाणीघराला मी कडी बसवून घेतली. टेबलाच्या कोपऱ्यांचा फोम काढला, त्याखालचं लाकूड फिकट निघालं. भावाचे कपडे वहिनींनी एका ठिकाणी नेऊन दिले. समोरच्या खोलीत मी टीव्ही लावून ठेवायचे, बातम्या असोत की काहीही, आवाज हवा म्हणून.

एप्रिलमध्ये घरमालकिणीचा फोटो आला. उतरंडीच्या बाजूने सगळीकडे तांबूस कोंब आणि कोवळी पानं फुटली होती. खाली तिने आवाजी निरोप पाठवला होता. बर्फ खूप पडलं, तुमची काटकी त्याखाली गेली, आणि आता यातलं तुमचं कोणतं ते मला सांगता येत नाही. तिने ते काही वाईट वाटल्यासारखं सांगितलं नव्हतं. मी फोटो मोठा करून प्रत्येक कोंब पाहिला. लहानसं, एका पानाचं कुठे आहे का, ते शोधलं. तशी सहा-सात होती.

मी तिला फोन केला. मूळ जगलं असेल का असं विचारायचं होतं, पण तिने फोन उचलल्या उचलल्या छपराचं सांगायला सुरुवात केली. बर्फाने पत्रा वाकला होता, मुलगा सुट्टीवर आला नव्हता, सून माहेरी गेली होती. सगळा हिवाळा ती एकटीच होती, दोन म्हशी आणि ती. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तेव्हा तिने विचारलं, क्या पकाया. मी म्हटलं, वरण-भात. तिने विचारलं, किसके लिए. मी म्हटलं, अपने लिए. ती म्हणाली, मैंने तो आज बनाया ही नहीं. मी म्हटलं, बना लो, मी फोन चालू ठेवते. तिने चूल पेटवली, मला काटक्या मोडल्याचा आवाज ऐकू आला, आणि पीठ मळत ती पुन्हा पत्र्याचं सांगू लागली.

आता ती मधूनमधून फोन करते, कधी मी करते. तिचं जेवण व्हायचं असतं किंवा माझं. चंद्राचा विषय आमच्यात निघतोच असं नाही.